सांडग्याची शंभर कार्डं

बुधवार, १५ जानेवारी

काल माझं वाण बघून बायका आधी हसल्याच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गाळणी, डबे, रुमाल द्यायचे हे ठरलेलं. मी प्रत्येकीच्या हातात स्वतः छापलेलं कार्ड ठेवलं. त्यावर आमचा कुत्रा सांडगा, जीभ बाहेर, एक कान पडलेला, आणि खाली अक्षरं: ‘तिळगूळ घ्या, मलाही द्या.’ बी ब्लॉकमधल्या दातारबाई म्हणाल्या, “अय्या, वाणात कुत्रा?” मी म्हटलं, “चावत नाही, घ्या.” जाताना त्याच हळूच विचारतात, अजून दहा मिळतील का! म्हटलं चला, गंगेत घोडं न्हालं.

म्हणून ही डायरी. बँकेने दिलेली कोरीच पडली होती. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या मजकुराची भाषांतरं केली, आता स्वतःचं काहीतरी लिहावं.

छपाई मला माझी जुनी मैत्रीण पद्मजा हिने शिकवली. ती इथे दिल्लीत पहाडगंजच्या शाळेत चित्रकला शिकवायची, आता रिटायर होऊन मुनिरक्यात एकटी राहते. लाकडी चौकटीवर जाळी ताणायची, तिला रसायन फासायचं, वर चित्र ठेवून उजेड दाखवायचा. मग पाण्याने धुतलं की चित्रापुरती जाळी मोकळी होते आणि रबरी पट्टीने शाई ओढली की ती तेवढ्यातूनच खाली उतरते. एका रंगाला एक चौकट. आधी सगळ्या कार्डांवर तपकिरी अंग, ते वाळलं की काळे डोळे आणि नाक. तोवर बाल्कनीतल्या दोरीवर आंधळे सांडगे लटकत असतात आणि खरा सांडगा खाली बसून त्यांच्यावर भुंकतो.

तेरा वर्षांचा झालाय. मानस बारावीत होता तेव्हा ट्यूशनहून येताना दप्तरात घालून घेऊन आला. गच्चीत मी सांडगे वाळत घातले होते, त्या ताटाशेजारी ठेवला तर रंग तोच आणि सुरकुत्याही त्याच. “मी सांभाळीन, आई, पक्का!” म्हणाला होता. सहा महिन्यांनी कॉलेजला निघून गेला. सांभाळलं मी.

रविवार, १९ जानेवारी

मानस आणि कृतिका गुडगावहून आले होते. कृतिकाला सहावा लागलाय. २३ फेब्रुवारीला डोहाळजेवण करायचं ठरलं. मी साठ जणांची लिस्ट करायला बसले तर मानस म्हणतो, “आई, निमंत्रणाची कार्डं तूच छाप. सांडगा आणि पाळणा. साठ नको, शंभर कर.” मला आकाश ठेंगणं झालं. माझ्या लेकाने मला ऑर्डर दिली, तीही सांडग्याची!

जाताना त्याने सांडग्याचे फोटो काढले. समोरून, बाजूने, उभा, आणि ओठ वर करून दातांचेसुद्धा. “दात कशाला रे?” “डिटेल्स, आई. तुला ड्रॉइंगला लागतील.” मी आजवर एकाही कार्डात त्याचे दात काढलेले नाहीत. पण पोराने एवढा विचार केला ह्याचंच कौतुक वाटलं.

कृतिका सगळा वेळ पाय वर घेऊन सोफ्यावर बसली होती. तिला हल्ली वासाचा त्रास होतो, दिवसांत होतं तसं. म्हणाली, “आई, बाळ झालं की तुम्ही दोघं आमच्याकडेच राहायला याल ना?” मी म्हटलं, “दोघं कशाला, तिघं येऊ.” ती गोड हसली.

शुक्रवार, ३१ जानेवारी

मेलं धुकं. आठ दिवस ऊन नाही. उन्हात होणारं काम हॅलोजनच्या दिव्यापुढे करते आहे आणि दोन चौकटी वाया घालवल्या. धुताना पाळण्याच्या बारीक दोऱ्यांपाशी जाळीवरचं सगळंच रसायन निघून येतं, राहायचं तेही. चिडून रडले.

एक नवल मात्र लिहून ठेवते. ह्यांना सांडग्याचा लळा लागलाय! तेरा वर्षांत ज्या माणसाने पट्टा हातात धरला नाही तो सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवून आणतो. परवा डॉक्टरकडे नेऊन सगळी इंजेक्शनं देऊन आणली, नखं कापून आणली. मी म्हटलं, “अहो, बरे आहात ना?” तर म्हणाले, “त्याचंही वय झालं आता.” आणि त्याची पाठ खाजवत बसले. मला हसू आलं, बरंही वाटलं. माझ्या कार्डांचाच हा परिणाम, दुसरं काय.

सकाळी मी कोपरापर्यंत शाईत बुडालेली, तेव्हा हे कागद घेऊन आले. आमचे हे अवर सचिव म्हणून रिटायर झाले, त्यामुळे माझी सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवतात. लग्नापासूनची पद्धत. ह्या फ्लॅटच्या कागदांवरसुद्धा मी फुल्या बघूनच सह्या केल्या. विचारलं, “कसलं आहे?” “सांडग्याच्या नोंदणीचं. कुत्रा तुझ्या नावावर आहे ना.” चार फुल्या होत्या, चार सह्या केल्या. एका पानावर माझा तपकिरी अंगठा उमटला. चहाचा थेंब पडला तर नवा कागद घेणारा हा माणूस, पण म्हणाले, “असू दे, चालेल.”

बुधवार, ५ फेब्रुवारी

पद्मजाशी भांडण झालं. कडाक्याचं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

ती काळ्या रंगाची चौकट नीट करून द्यायला आली होती. आल्या आल्या म्हणते, “अलका, भाऊजी खाली गेटपाशी एका जोडप्याला सांडगा दाखवतायत. हरियाणाची गाडी आहे.” मी म्हटलं, “कार्डांची गिऱ्हाइकं असतील. मॉडेल बघायला आली असतील.” ती म्हणाली, “कार्ड घेणारा माणूस कुत्र्याचे दात बघतो?”

मग म्हणे, “सांडग्याला आठ-दहा दिवस माझ्याकडे ठेव. तुझी छपाई होईपर्यंत.” का, तर काही सांगेना. “मला नक्की माहीत नाही, उगाच कशाला तोंडातून काढू? पण तू ठेव.” आणि डोळे पुसते!

माझं डोकंच फिरलं. कार्डांना चार लोक नावाजायला लागले तेव्हापासून बाईंचं काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, “शिकवलंस ते मान्य, पण कुत्रा माझा आहे आणि चित्रंही माझी. तुझ्या घरी कुणी नाही म्हणून माझ्या घरातलं कुणी मागू नकोस.” ती उठली, पर्स घेतली आणि गेली. चहासुद्धा तसाच राहिला.

बोलायला नको होतं ते बोलले, माहीत आहे. पण तिनेही माझ्या नवऱ्यावर संशय घ्यायला नको होता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

शंभर झाली! एकटीने केली, कुणाची मदत न घेता. पाळण्यात बाळ दिसत नाही, नुसती एक मूठ वर आलेली, आणि सांडगा पाळण्याला नाक लावून हुंगतोय. खाली: ‘आमच्याकडे पाहुणा येणार आहे. सांडगा आणि आम्ही सगळे तुमची वाट बघतोय.’ ह्यांना दाखवलं तर बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “छान आहे. फारच छान आहे.” मग बाल्कनीत जाऊन उभे राहिले. ह्या माणसाचे डोळे भरून आलेले मी आधी कधी बघितलेत ते आठवत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सांडगा हरवला.

सकाळी कृतिका मुद्दाम सुट्टी काढून आली, मला चावडी बाजारला पाकिटं घ्यायला नेलं. दिवसभर इतकी गोड वागली. दहीभल्ला खाऊ घातला, चार दुकानं फिरवली, मी परत जाऊ म्हटलं की “आई, अजून एकच दुकान”. संध्याकाळी आलो तर दार उघडं आणि हे जिन्यात बसलेले. “गेटमधून सुटला. मी मागे धावलो, दिसलाच नाही.” तोंड पांढरंफटक पडलं होतं.

तेरा वर्षांचा कुत्रा, दोन जिने चढला की बसतो. तो कुठे धावणार?

बुधवार, १२ फेब्रुवारी

त्याच दोन चौकटींवर पोस्टर छापली. पाळण्याचा भाग कागद चिकटवून झाकला आणि सांडगा तेवढा छापला. वर हाताने लिहिलं: ‘गुमशुदा. नाम सांडगा. बायाँ कान गिरा हुआ.’ आणि माझा नंबर. सत्तर पोस्टर. डोळ्यांची चौकट नीट बसेना, काही सांडगे तिरळे झाले.

मैद्याची खळ शिजवली. हे भांडं घेऊन माझ्याबरोबर फिरले, सेक्टरभर, मेट्रोच्या खांबांपर्यंत. मी कागद धरायचा, ह्यांनी खळ लावायची. एक पोस्टर तर ह्यांनी उलटंच लावलं. दोनदा म्हणाले, “बास कर अलका, थंडी आहे.” मीच उलट त्यांची समजूत घातली, “अहो, तुमची चूक नाही, सुटतात कुत्री.” तर खांबाला हात टेकून उभेच राहिले. कधी नव्हे ते ह्यांचा आधार वाटला.

मानसला यायला जमलं नाही, मीटिंग आहे. तरी संध्याकाळी कार्डं न्यायला मात्र ड्रायव्हरला पाठवलं. बरोबरच आहे, वेळेवर पोचायला हवीत.

रविवार, १६ फेब्रुवारी

सगळं लिहून काढते, नाहीतर मला वेड लागेल.

दुपारी फोन आला. बाईचा आवाज, हिंदीत. “बहनजी, पानिपत से बोल रही हूँ. आपका बच्चा खाना नहीं खा रहा. फॉर्म में लिखा है दही-चावल, नमक नहीं. वही दे रही हूँ. मुँह ही नहीं लगाता. आप कैसे खिलाती थीं?” मला वाटलं पोस्टर बघून कुणाचातरी फोन. मी आनंदाने ओरडलेच, “मिल गया? पानिपत कैसे पहुँचा?” मग ती जपून म्हणाली, “आपने ही तो दिया है जी. आपके साइन हैं. आपका बेटा छोड़ गया था, सोमवार को. बता रहा था आप बीमार रहती हैं. अब तबीयत कैसी है?”

मी फोन ठेवला. हे समोर पेपर वाचत होते. मी विचारलं, “नोंदणीचे कागद दाखवा.” त्यांनी पेपरची घडी घालून ठेवली. एवढंच पुरे होतं.

मग सगळं बाहेर आलं. कुत्र्यांना घर शोधून देणारी कुठलीशी संस्था, मानसने काढलेले फोटो, गेटवरचं जोडपं. कृतिकाला घरात कुत्रा नको आणि त्यांना आम्ही तर हवे, बाळासाठी. “तू ऐकली नसतीस,” हे म्हणाले. “ठरवलं मानसने. मी फक्त सही घेतली.”

फक्त! कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर म्हणतं मी फक्त खाल्लं. सत्तर पोस्टर लावताना हा माणूस खळीचं भांडं धरून उभा होता. मी त्याला धीर देत होते! मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की भिंतीवर डोकं आपटावं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सुरीने कापला असता तर निदान कळलं तरी असतं.

मानसला फोन केला. चुकलं म्हणेल असं वाटलं होतं. तर म्हणतो, “आई, प्रॅक्टिकली विचार कर ना यार. चांगलं घर आहे, अंगण आहे. आणि तसं बघितलं तर कुत्रा माझाच होता. मीच आणला होता.”

मी म्हटलं, “आणलास तू. तेरा वर्षं त्याची शी कुणी उचलली?” त्याने फोन ठेवला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सोमवारी मुनिरक्याला गेले. तीन मजले चढून पद्मजाच्या दाराची बेल वाजवली. तिने जाळीचं दार उघडलं आणि एवढंच विचारलं, “कुठे आहे तो?” मी तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. “सांगितलं का नाहीस स्पष्ट?” मी विचारलं. ती म्हणाली, “नवऱ्याबद्दल सांगायचं होतं गं. चुकीचं निघालं असतं तर?” मला तिचाही राग आला. पण खरं सांगायचं तर ऐकणारी कुठे होते मी?

काल फोनवरच्या बाईंना पत्ता विचारून दोघी पानिपतला गेलो. त्या बाईंचं घर मोठं, मागे चादरींचा कारखाना, अंगणात वाळणारं सूत. सांडगा कोपऱ्यात गोणपाटावर पडला होता. मला बघून आधी उठलाच नाही. मग वास लागला आणि त्याने असा काही आवाज काढला, कुत्र्याचा नव्हेच तो. सरपटत आला आणि माझ्या चपलेवर डोकं ठेवून पडून राहिला.

बाई भली. तिने कागद आणून दाखवला. माझ्या चार सह्या, आणि शेवटच्या पानावर तपकिरी अंगठा. वर कारण लिहायच्या रकान्यात ह्यांचं सुबक अक्षर: ‘स्वामिनी अस्वस्थ रहती हैं तथा पशु में अब उनकी रुचि नहीं रही.’ ते ‘तथा’ बघूनच ओळखलं असतं मी. कचेरीतलं हे हिंदी ह्यांना मीच शिकवलंय. पुढे अख्खं पान भरून सूचना. फटाक्यांना घाबरतो. डाव्या कुशीवर झोपतो. संध्याकाळी पाठ खाजवून घेतल्याशिवाय जेवत नाही. कान दुखतो, हळू पुसावा. एवढं सगळं माहीत होतं ह्या माणसाला, आणि तरी दिला! हे वाचून तर राग दुप्पट झाला.

बाईंना मी म्हटलं, सही माझी आहे, शब्द माझे नाहीत. ती म्हणाली, “ले जाइए बहनजी. जो खाता नहीं वो हमारा कैसे हुआ.” कागद फाडून टाकला.

घरी नेलं नाही. त्या घरात त्याला कुठल्या भरवशावर ठेवू? आम्ही पद्मजाकडेच आहोत, ती, मी आणि सांडगा धरून तिघं. पहिल्याच दिवशी दोन वाट्या दहीभात खाल्ला.

रविवार, २३ फेब्रुवारी

डोहाळजेवणाला गेले. पद्मजा नको म्हणत होती. पण बाळाने काय केलंय? कृतिकाची ओटी भरली, मनापासून भरली. तिने वाकून नमस्कार केला आणि खालच्या मानेने म्हणाली, “सॉरी, आई.” मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याहून जास्त काही जमलं नाही.

हॉलमध्ये ज्याच्या-त्याच्या हातात माझं कार्ड. शंभर सांडगे पाळणे हुंगतायत. दातारबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “अगं, आणि हा वाट बघणारा कुठे आहे?” मी तोंड उघडायच्या आत मानस हसत पुढे झाला. “काय सांगू काकू, आईलाच झेपेनासा झाला. तिच्या तब्येतीपायी एका चांगल्या घरी दिला आम्ही.”

माझ्याकडे बघून म्हणाला. डोळ्यांत डोळे घालून. माझा पोटचा पोर.

मी म्हटलं, “झेपत होता.” एवढंच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. हे खुर्चीवर बसून बुटांकडे बघत होते. एक शब्द बोलतील म्हणून मी थांबले. मग पर्स घेतली आणि मेट्रोने मुनिरक्याला आले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज दुपारी हे आले. तीन मजले चढून धापा टाकत होते. पद्मजा बाजारात गेली होती. मी जाळीचं दार लावूनच ठेवलं.

हातात पिशवी होती. माझा स्वेटर, बीपीच्या गोळ्या, सांडग्याचं घोंगडं. म्हणाले, “चुकलो मी. फार चुकलो. तुम्हा दोघांना न्यायला आलोय.” रडत होते. मी विचारलं, “सांडगा घरी परत येणार, हे मानसला सांगितलंत का?” “सांगेन. सावकाश समजावू त्याला. तोवर सांडगा इथेच राहू दे हवं तर, तू चल.”

म्हणजे अजूनही सांगितलं नाही. अजूनही मानसलाच विचारायचं आहे. मी म्हटलं, “पिशवी ठेवा आणि जा.”

आणि हा सांडगा! त्यांचा आवाज ऐकला मात्र, ह्याचं नुसतं थैमान. शेपूट आपटतोय, कुईकुई करतोय, जाळीत नाक खुपसून त्यांची बोटं चाटतोय. अरे, ह्यांनीच तुला देऊन टाकलं होतं ना! पंधरा दिवस फिरवून आणलं, नखं कापली, ती कशासाठी, हे कळतं का तुला? मला त्याचा असा संताप आला की पट्टा धरून मी त्याला मागे ओढलं. हे जाळीतून बोटं घालून त्याची पाठ खाजवायला बघत होते, तेवढी पोचत नव्हती.

मग ते उतरायला लागले. सांडगा दार ओरबाडायला लागला. त्यांची पावलं खाली खाली जात होती आणि हा तसतसा जास्तच रडत होता. मी कडी काढली नाही.

पावलं ऐकू येईनाशी झाली तेव्हा तो थांबला आणि वळून माझ्याकडे बघत बसला. मी त्याला दहीभात वाढला. अजून तसाच आहे.